आघातावरच्या संशोधनात शिरताना

मानसिक आघातावर पीएचडी करायला येणाऱ्या बहुतेकांना माणसांचं दुःख ऐकून घ्यायचं असतं. हेतू चांगलाच. पण ऐकण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ, ऐकलेल्यावरून काय म्हणता येईल हे ठरवण्यात जातो. ते किचकट काम रुचत असेल तर या विषयात जरूर या. नुसती मदत करायची ओढ असेल, तर समुपदेशनाचं शिक्षण घेतलेलं बरं, असं माझं स्पष्ट मत आहे.

वाचनाची सुरुवात बहुधा फेलिटी आणि अँडा या अमेरिकी डॉक्टरांच्या १९९८ च्या एसीई (बालपणातले प्रतिकूल अनुभव) अभ्यासापासून होते. बालपणातला छळ, घरातली हिंसा, व्यसन अशा प्रतिकूल अनुभवांच्या प्रत्येक प्रकाराला एक गुण द्यायचा आणि बेरीज मोठेपणीच्या आजारांशी ताडून पाहायचे. ज्यांच्या वाट्याला असे चार किंवा अधिक प्रकार आले, त्यांच्यात दारूचं व्यसन, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न अशा गोष्टींचा धोका एकही अनुभव नसलेल्यांच्या चार ते बारा पट आढळला. आकडा डोक्यात पक्का बसतो आणि मग नवखे विद्यार्थी समोरच्या माणसाचे गुण मोजून त्याचं भविष्य सांगू लागतात. धोका समूहाचा असतो. शिवाय एखाद्याने छळ वर्षभर सोसला काय आणि पंधरा वर्षं सोसला काय, त्या रकान्यात दोघांना एकच गुण. या गुणांवरून एकेका व्यक्तीची चाचपणी करू नका, असं २०२० मध्ये खुद्द अँडा यांनीच सहकाऱ्यांसह लिहिलं.

दुसरा पेच आठवणींचा. लहानपणीच नोंदला गेलेला छळ आणि मोठेपणी आठवून सांगितलेला छळ, या दोन याद्यांतली माणसं बरीचशी वेगळी निघतात. जेसी बाल्डविन आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये १६ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा दोन्हींतल्या जुळणीचा कॅप्पा (० म्हणजे निव्वळ योगायोगाइतकी जुळणी, १ म्हणजे पूर्ण) अवघा ०.१९ आला. म्हणून लोक खोटं बोलतात असं मुळीच नाही. काही जण विसरतात, काहींना सांगायचं नसतं, आणि कित्येकांचा छळ कुठे नोंदलाच जात नाही. तुमचा प्रश्न घडलेल्या घटनेबद्दल आहे की माणूस आज तिच्याकडे कसा पाहतो याबद्दल, हे प्रश्नावली निवडण्याआधी ठरवा. गाइडशी याच मुद्द्यावर मनसोक्त वाद घाला.

आता पीएचक्यू-९ या नैराश्य मोजणाऱ्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीबद्दल, कारण ती जवळजवळ प्रत्येक प्रबंधात असते. तिचा नववा प्रश्न गेल्या दोन आठवड्यांत ‘मेलेलं बरं’ असं वाटलं का किंवा स्वतःला इजा करण्याचा विचार आला का, हे विचारतो. ऑनलाइन फॉर्मवर कुणी रात्री दोनला ‘जवळजवळ रोज’ असं उत्तर दिलं आणि तुम्ही तो डेटा महिन्याने उघडलात, तर? उत्तर कोण पाहणार, किती वेळात पाहणार, कुणाला फोन जाणार, हे एथिक्स समितीच्या अर्जात नावानिशी लिहिलेलं हवं. एवढी सोय करता येत नसेल तर नववा प्रश्न गाळलेली आठ प्रश्नांची आवृत्ती उपलब्ध आहे, ती खुशाल वापरा. समित्यांना मात्र वेगळीच धास्ती असते: आघाताबद्दल नुसतं विचारल्यानेच माणूस कोलमडेल. आजवरचा पुरावा तसं सांगत नाही. काही वेळ अस्वस्थ वाटलं तरी भाग घेतल्याचा पश्चात्ताप फारच थोड्यांना होतो.

मुलाखती लिहून काढणं मुलाखत घेण्यापेक्षा जड जातं, कारण तेच वाक्य दहादा मागे नेऊन ऐकावं लागतं. ते काम रात्री आणि एकट्याने करू नका.

सावरलेल्या माणसांवरही वाचा. मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी हवाईतल्या काउई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ बाळांचा दशकानुदशकं माग ठेवला. सर्वाधिक प्रतिकूल परिस्थितीत वाढलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं व्यवस्थित मोठी झाली. असा दीर्घकालीन डेटा तुमच्या हाती आला, तर विश्लेषणाआधी गळालेल्यांकडे पाहा. दुसऱ्या फेरीला जे आलेच नाहीत त्यांचे पहिल्या फेरीतले गुण वेगळे काढा आणि आलेल्यांच्या गुणांशेजारी मांडा. तफावत मोठी असेल तर तुमची सरासरी टिकून राहिलेल्यांचीच आहे, आणि ते निष्कर्षात पहिल्याच परिच्छेदात लिहावं लागेल.