गाडी जहाजावर चढण्याआधी चासी नंबर पेन्सिलने तपासा

स्वतःची गाडी कार्नेवर (आयातशुल्क न भरता गाडी तात्पुरती परदेशी नेण्यासाठीचा कस्टम्सचा दस्तऐवज) परदेशी नेताना एक चुकीचं अक्षरही ती कस्टम्समध्ये अडकवू शकतं. गाडीवर कोरलेला चासी नंबर एक, कागदावरचा दुसरा. मग बंदरातलं भाडं चढत राहतं.

१. चासीवरचा नंबर फडक्याने स्वच्छ पुसा. पातळ कागद घट्ट धरून पेन्सिल आडवी घासा, आरटीओसाठी घेतात तसाच ठसा.
२. अक्षरं-आकडे मोजा. १७ भरले पाहिजेत. यात आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरं वापरतच नाहीत. म्हणजे कागदावर 'ओ' दिसला की तो बहुधा शून्य आहे आणि 'आय' म्हणजे एक. बी आणि आठ, एस आणि पाच हेही नीट पाहा. (जुन्या गाड्यांना हा हिशेब लागू असेलच असं नाही.)
३. ठसा शेजारी ठेवून आरसी, कार्नेचा अर्ज आणि बिल ऑफ लेडिंगचा (जहाज कंपनी देते त्या मालाच्या पावतीचा) मसुदा एकेक अक्षर बोट ठेवून वाचा. इंजिन नंबरही.

आरसीतच चूक असेल तर आधी आरटीओतून दुरुस्त करून घ्या, मगच कार्नेचा अर्ज भरा.

छापून आलेल्या कार्नेवर मात्र पेनने खाडाखोड करू नका. तो देणाऱ्या संस्थेकडूनच बदलून घ्या.