मधाच्या बाटलीवर रान आणि महिना लिहून ठेवा

मेळघाटचा, गडचिरोलीचा, वावरातल्या पेट्यांचा असा सगळा मध घरी एकाच बरणीत जातो. मग खोकल्याला कोणता नि पोळीसोबत कोणता, काही कळत नाही. मधाचा वास तर फुलोऱ्यावर ठरतोच, जंतू रोखायची ताकदही बरीचशी त्यावरच.

१. घेताना विचारा: कोणतं रान, कोणता महिना, मोहोळ आग्या माशीचं की सातेरी माशीचं? उन्हाळ्याच्या तोंडाशी जांभूळ, कडुनिंब, करंज फुलतात. जांभळाचा मध तुरट-कडवट लागतो, म्हणून भेसळ समजून परत करू नका. विकणारा ‘अस्सल आहे जी’ एवढंच म्हणत असेल, तर थोडाच घ्या.

२. उत्तर चिठ्ठीवर लिहून लगेच बाटलीला डकवा.

३. नवा मध जुन्यात ओतू नका. आग्याचा बहुधा पातळ असतो. तो आंबला की अख्खी बरणी जाते. झाकण उघडताना फेस नि आंबूस वास आला की समजा.

४. चुलीजवळ, उन्हात किंवा टिनाखालच्या फळीवर ठेवू नका. मधात जंतू रोखणारं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करणारं एन्झाइम उष्णतेनं निकामी होतं, आणि वासही उडतो. आपल्याकडच्या मे महिन्यात कोठीतला खालचा, अंधारा कोपराच बरा. रवाळ झाला तर बाटली कोमट पाण्यात ठेवा, गॅसवर नको.

वर्षाच्या आतल्या लेकराला मात्र कोणताही मध चाटवू नका, घुटीतूनही नाही. त्यातल्या बोटुलिझम या गंभीर आजाराच्या जंतुबीजांचा तान्ह्या बाळाला धोका असतो.