वेट डिस्ट्रिब्यूशन हिच घेताय? या चुका टाळा

ट्रेलर जोडल्यावर एसयूव्ही मागे बसली की सगळ्यांचं लक्ष मागच्या बंपरकडे जातं. काळजी करायची ती पुढच्या चाकांची. समजा बॉलवर (गाडीमागचा गोळा, ज्यावर ट्रेलर अडकतो) २०० किलो भार आला, बॉल मागच्या एक्सलच्या १.२ मीटर मागे आहे आणि व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या एक्सलमधलं अंतर) २.८ मीटर. तरफेच्या हिशोबाने पुढच्या एक्सलवरचे सुमारे ८६ किलो कमी होतात आणि मागच्यावर २८६ किलो वाढतात. स्टिअरिंग हलकं लागतं, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात, ब्रेक दाबल्यावर पुढची चाकं नीट धरत नाहीत. वेट डिस्ट्रिब्यूशन हिच म्हणजे हा भार वाटून देणारी जोडणी. तिचे स्प्रिंग बार, म्हणजे ट्रेलरच्या चासीला ताणून अडकवलेल्या लवचीक दांड्या, त्यातला काही भार परत पुढच्या एक्सलवर आणि काही ट्रेलरच्या एक्सलवर देतात. एकूण वजन मात्र एका किलोनेही घटत नाही.

मॅन्युअल न वाचता हिच घेणं ही मला सर्वांत मोठी चूक वाटते. काही एसयूव्हींना अशी हिच लावायची नाही असं कंपनीच सांगते. काहींना ठराविक वजनानंतर ती लागतेच. रिसीव्हरच्या (गाडीमागची खाच, ज्यात हिच बसते) लेबलवरही बरेचदा दोन आकडे असतात, साध्या हिचसाठी एक आणि या हिचसाठी दुसरा. ट्रेलरला सर्ज ब्रेक (गाडी थांबताना ट्रेलर पुढे ढकलला जातो त्या जोरावर लागणारे) असतील तर ही हिच चालेल का, हेही आधीच विचारा, कारण काही कपलरना (ट्रेलरचा बॉलवर बसणारा भाग) ती चालत नाही.

दुसरी चूक म्हणजे ब्रोशरमधलं रिकाम्या ट्रेलरचं वजन धरणं. पाणी, गॅस, बॅटरी, सामान सगळं भरून काट्यावर न्या. बॉलवरचा भार भरलेल्या ट्रेलरच्या १० ते १५ टक्के असावा, म्हणजे १८०० किलोला १८० ते २७०. बार निवडताना त्यात डिकीत, मागच्या एक्सलच्या मागे ठेवलेलं सामानही मिळवा. आणि हा भार, शिवाय हिचचं स्वतःचं वजन, गाडीच्या पेलोडमधूनच (गाडी जास्तीत जास्त वाहू शकते ते वजन) वजा होतं. माणसं आणि सामान उरलेल्यात बसवावं लागतं.

‘जरा जास्त ताकदीचे बार असू देत’ हा सल्ला ऐकू नका. गरजेपेक्षा कडक बार खड्ड्याखड्ड्याला ट्रेलरची चासी पिळतात.

सेटिंग डोळ्यांनी जमत नाही, टेप लागतो. सपाट जागेवर, ट्रेलर न जोडता, पुढच्या चाकावरच्या कमानीची जमिनीपासूनची उंची घ्या. समजा ८६० मिलिमीटर. ट्रेलर जोडून, बार न लावता ती ८९० झाली, म्हणजे नाक ३० मिलिमीटर उचललं गेलं. मॅन्युअलने निम्मी उंची परत आणायला सांगितली असेल, तर बार लावल्यावर ८७५ यायला हवी. ८८५ आली तर ताण कमी आहे, हिचच्या हेडचा (बॉल आणि बार जिथे बसतात तो भाग) कोन किंवा बारच्या साखळीची कडी बदला. उंची ८६० च्याही खाली गेली तर थांबा. मागची चाकं हलकी झाली आहेत, आणि ओल्या वळणावर हीच चाकं घसरतात. एअर सस्पेन्शन असेल तर मोजण्याआधी ते मॅन्युअलमध्ये दिलेल्या स्थितीत ठेवा, नाहीतर गाडी स्वतःच उंची बदलेल आणि तुमचे आकडे फुकट जातील.

ट्रेलर डोलतोय म्हणून बार आवळणारे बरेच भेटतात. डोलण्याचं कारण बहुतेक वेळा मागे भरलेलं जड सामान किंवा टायरमधली कमी हवा असतं. आधी ते तपासा. डोलणं रोखणारी यंत्रणा काही हिचमध्ये अंगचीच असते, काहींना वेगळी जोडावी लागते. घेताना स्पष्ट विचारा. वेगळा फ्रिक्शन बार (घर्षणाने डोलणं रोखणारी दांडी) असेल तर रिव्हर्स घेण्याआधी तो काढा.

बॉल कपलरच्याच मापाचा हवा. ‘बसतोय ना’ एवढ्यावर भागवू नका. पहिल्या प्रवासानंतर सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा.

बार काढताना घाई नको. ताणलेला बार सुटला तर हाड मोडू शकतो. कपलर बॉलवर लॉक असतानाच जॅकने ट्रेलरचा पुढचा भाग उचला. गाडीची मागची बाजूही त्याबरोबर वर येते आणि बार सैल पडतात. हाताने हलायला लागले की मगच बार अडकवलेलं ब्रॅकेट उघडा.