सोलापूरसारख्या शहराचा डीपी करताय? मग या चुका टाळा

मी बऱ्याच वर्षांपासून डीपीच्या, म्हणजे शहराच्या विकास आराखड्याच्या कामात आहे, म्हणजे सर्व्हे, नकाशे, हरकतींचे गठ्ठे, सगळं हातानं केलेलं. दर वेळी नवीन पोरं येतात, लॅपटॉप उघडतात आणि त्याच जुन्या चुका नव्यानं करतात. सांगून सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. उदाहरणं सोलापूरचीच देतोय कारण माझ्या चपला इथेच झिजल्यात.

पहिली चूक, माझी अगदी लाडकी. तीन जनगणनांचे आकडे एक्सेलमध्ये टाकायचे, टक्केवारीची सरासरी काढायची आणि वीस वर्षांनंतरची लोकसंख्या ठोकून द्यायची. सोलापूरचे आकडे बघा. 1991 ला साधारण 6.04 लाख, 2001 ला 8.72 लाख, 2011 ला 9.51 लाख. पहिल्या दहा वर्षांत 44 टक्के वाढ, पुढच्या दहात फक्त 9. आमच्याकडच्या एका पोरानं दोन्हीची सरासरी काढली, साडेसव्वीसच्या आसपास, आणि 2041 ला सोलापूर एकोणीस लाखांवर नेऊन ठेवलं. चार्ट तर इतका देखणा केला होता की बोलायची सोय नाही.

मी त्याला एकच विचारलं, "1992 ला काय झालं रे?" पोरगं गप्प. अरे, 1992 ला हद्दवाढ झाली! शेळगी, बाळे, केगाव, देगाव, मजरेवाडी, कुमठे, सोरेगाव ही आजूबाजूची गावं महापालिकेत आली आणि हद्द एकदम 178 चौरस किलोमीटरच्या पुढं गेली. म्हणजे त्या 44 टक्क्यांतली बरीचशी माणसं कुठून आलेली नव्हतीच, ती आपापल्या घरातच होती, फक्त हद्दीची रेघ त्यांच्या पलीकडं सरकली. नुसते 9 टक्के धरून हिशोब केला तर 2041 ला साडेबारा लाखाच्या आतच राहतो. एकोणीस आणि बारा यात सात लाखांचा फरक, माणशी 135 लिटर धरलं तर रोजचं जवळपास साडेनऊ कोटी लिटर पाणी, आणि ते पाणी आणायचं शंभरेक किलोमीटरवरच्या उजनी धरणातून, तेही ज्या शहरात कित्येक वर्षं चार-पाच दिवसाआड नळ यायचा तिथं. एका चुकीच्या सरासरीनं केवढी पाइपलाइन टाकायला लावली असती बघा.

आता 9 टक्केच बरोबर असंही माझं म्हणणं नाही. 2021 ची जनगणना झालीच नाही, त्यामुळं 2011 च्या आकड्यावर किती दिवस भाकरी भाजणार? मी काय करतो, वीज मीटर, नळजोड, पहिलीच्या वर्गातले प्रवेश आणि मतदार यादी, हे चारही वॉर्डनिहाय मागवून शेजारी शेजारी ठेवतो. आणि एकदा रविवारी संध्याकाळी स्टेशनवर जाऊन उभा राहतो. पुण्याच्या गाडीला किती पोरं बॅगा घेऊन चढतात ते बघितलं की हे शहर पसरतंय खूप पण वाढतंय कमी, हे कुठल्याही ट्रेंडलाइनपेक्षा लवकर कळतं. ही काय शास्त्रीय पद्धत नाही, पण माझी सवय आहे.

दुसरी चूक म्हणजे खुर्चीत बसून ईएलयू, म्हणजे सध्याच्या जमीन वापराचा नकाशा, करणं. सॅटेलाइट इमेज उघडायची, छप्पर दिसलं की रहिवासी म्हणून पिवळा रंग भरायचा, मोकळं दिसलं की मोकळं. पूर्व भागात अशोक चौक, साखर पेठेकडं जाऊन बघा एकदा, खाली माग खटखटतोय, वर संसार, ओट्यावर बायका विड्या वळतायत. हे पिवळं का उद्योगाचं जांभळं? इमेजमध्ये फक्त पत्रा दिसतो. आणि तिथं शुद्ध रहिवासी झोन टाकला की उद्या मागवाल्याला परवानगी मागताना घाम फुटतो.

पण खरा दणका बसला तो हद्दवाढ भागात. एका टीमनं मे महिन्यातल्या इमेजवर 18 मीटरचा डीपी रोड आखला, सरळ, सुंदर, मधे एकही घर नाही, कुणाला पाडायचं नाही, सगळे खूश. मला नेमकं तेच खटकलं. गुंठेवारीच्या, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठा-गुंठा तुकडे पाडून विकलेल्या भागात एवढी लांब मोकळी पट्टी कुणी फुकट सोडतं का हो? दुसऱ्या दिवशी गेलो. तिथं एक आजोबा शेळ्या घेऊन बसलेले, त्यांना विचारलं तर म्हणाले, "सायेब, ह्यो वढा हाय. आता काय दिसंना तुमाला, भादव्यात या की." शेजारच्या घराच्या भिंतीवर कमरेएवढ्या उंचीला पाण्याचा मळकट पट्टा, तो त्यांनी बोट लावून दाखवला. नंतर भूमी अभिलेखचा जुना गाव नकाशा काढला तर त्यात दोन रेघांत ओढा स्वच्छ काढलेला! कुणी उघडूनच बघितला नव्हता, कारण तो स्कॅन करून, ताणून, इमेजवर बसवायला दोन दिवस जातात आणि पोरांना संध्याकाळपर्यंत लेयर हवा असतो.

तेव्हापासून माझा नियम, गाव नकाशा बसवल्याशिवाय एकही रस्ता आखायचा नाही, आणि परतीचा पाऊस पडून गेला की दुसऱ्याच दिवशी बूट घालून फिरायचं. सोलापुरात पाऊस कमी हे खरं, पण पडतो तेव्हा ओढे आपली जागा बरोबर मागतात.

आरक्षणं, म्हणजे बाग, शाळा असल्या कामांसाठी नकाशावर राखून ठेवलेल्या जागा, उधळू नका. नकाशावर हिरवा ठोकळा काढायला पैसे लागत नाहीत, जागा घ्यायला लागतात. एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याचं कलम 127 वाचा, आराखडा लागू झाल्यापासून 10 वर्षांत जागा घेतली नाही तर मालक नोटीस देतो आणि पुढच्या मुदतीतही हालचाल झाली नाही तर आरक्षण गळून पडतं. मग बाग नाही, शाळा नाही, आणि मालकाची दहा वर्षं गेली ती वेगळीच. त्यापेक्षा कमी टाका, आणि जमेल तिथं टीपी स्कीमचा, म्हणजे मालकांच्या जमिनी एकत्र करून, रस्ते-बागांना जागा काढून बाकीचे प्लॉट त्यांना परत देण्याच्या नगररचना योजनेचा विचार करा.

हद्दीच्या रेषेवर विचार थांबवू नका. शहराजवळच्या कुंभारीला रे नगर या कामगार वसाहतीची 30 हजार घरं ठरली, ती महापालिकेच्या बाहेर, पण तिथली माणसं कामाला, दवाखान्याला येणार शहरातच ना?

विमानतळाजवळ उंचीची मर्यादा आधी बघा. विमानांच्या आड येते म्हणून पाडलेल्या सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या चिमणीचं रामायण सोलापूरकरांना मी काय सांगणार.

दुसऱ्या शहराचा रिपोर्ट कॉपी करताना निदान नदीचं नाव तरी बदला. हसू नका, झालंय.

आणि हो, ट्रॅफिक काउंट जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेत करू नका. एकांनी केला होता, मग काय, होम मैदानापाशी आकडे आभाळाला टेकले आणि त्यांनी अहवालात थेट उड्डाणपूल सुचवला, तोही नंदीध्वजांच्या, म्हणजे यात्रेतल्या मानाच्या उंच काठ्यांच्या मिरवणुकीच्या मार्गावर. एवढ्या उंच काठ्या पुलाखालून आडव्या करून न्यायच्या का, असं मी विचारलं तर म्हणाले, "नंदीध्वज म्हणजे काय, सर?"