डॉटनेट शिकायचंय, पण कुठल्या भाषेतून?

"आत्या, डॉटनेट शिकायचंय. सी शार्प घेऊ की व्हीबी? क्लासवाले म्हणतात व्हीबी सोपं पडतं."

भाचीचा हा मेसेज आला तेव्हा मी एका पतसंस्थेच्या व्हीबी ६ मधल्या मुदत ठेवींच्या फॉर्ममध्ये डोकं घालून बसले होते. डॉटनेट म्हणजे मायक्रोसॉफ्टचं प्रोग्रॅम लिहायचं आणि चालवायचं व्यासपीठ; सी शार्प, व्हीबी (व्हिज्युअल बेसिक) आणि एफ शार्प या त्याच्या तीन भाषा. व्हीबी ६ हे डॉटनेटच्या आधीचं जुनं व्हीबी. मी व्हीबी शिकले १९९९ साली, सांगलीत, एका कॉम्प्युटरवर दोघी बसून. पोटापाण्याला आजही तेच थोडंफार लागतं. तरी तिला सरळ उत्तर न देता एक कमांड पाठवली.

मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून डॉटनेटचं एसडीके, म्हणजे प्रोग्रॅम लिहायच्या हत्यारांचा संच, उतरवून घ्या, ते फुकट आहे. मग टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडून 'डॉटनेट न्यू लिस्ट' टाइप करा. नवीन प्रोजेक्टच्या साच्यांची लांबलचक यादी येते आणि तिच्यात भाषेचा एक रकाना असतो. तो रकाना नीट वाचा. कन्सोल अ‍ॅपसमोर सी शार्प, एफ शार्प, व्हीबी अशा तिन्ही भाषा दिसतील. विंडोजवर असाल तर विनफॉर्म्स आणि डब्ल्यूपीएफ या खिडक्या-बटणांच्या प्रोग्रॅमांच्या साच्यांसमोर सी शार्प आणि व्हीबी. वेब एपीआय, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमांना इंटरनेटवरून माहिती देणाऱ्या सेवेसमोर, सी शार्प आणि एफ शार्प. वेबपानं बनवायच्या ब्लेझरसमोर एकटं सी शार्प. तुम्हाला काय बनवायचंय ते त्या यादीत शोधा, निम्मा प्रश्न तिथंच मिटतो. भाचीला वेबचं काम करायचं होतं, म्हणजे व्हीबी तिथंच बाद.

व्हीबी मेलं नाही. पण मायक्रोसॉफ्टनं मार्च २०२० मध्ये जाहीर केलं की ते चालू राहील, भाषा म्हणून त्यात नवं काही भरायचा बेत नाही. मला त्याचं फार वाईट वाटलं नाही, कारण खरा धक्का २००२ मध्येच बसला होता. तेव्हा व्हीबी डॉटनेट आलं. नाव तेच, पण आमचा व्हीबी ६ चा कोड त्यात सरळ चालेना.

व्हीबी शिकायला आज एकच कारण मला पटतं. जिथं नोकरी लागतेय किंवा ज्या घरच्या धंद्यात बसायचंय, तिथं हजारो ओळींचा व्हीबी आधीच चालू आहे. मग खुशाल शिका, तिथं वाचता येणं महत्त्वाचं. बाकी सगळ्यांनी सी शार्प.

हा निर्णय आयुष्यभराचा नसतो, हेही सांगून ठेवते. तिन्ही भाषा कंपाइल होऊन एकाच मधल्या भाषेत, म्हणजे आयएलमध्ये जातात आणि एकाच रनटाइमवर, म्हणजे कोड चालवणाऱ्या यंत्रणेवर, चालतात. फाइल वाचायचा क्लास (म्हणजे तयार कोडचा तुकडा), तारखांचा क्लास, डेटाबेसशी बोलायची पद्धत, सगळं तेच. खरा वेळ जातो तो ही लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा हा साठा, अंगवळणी पडायला. सी शार्पचे सेमीकोलन आणि महिरपी कंस आठवड्यात हाताला बसतात.

फसवतात त्या दिसायला सारख्या असणाऱ्या गोष्टी. एका पतसंस्थेचा व्याजाचा हिशेब मी स्वतः व्हीबी डॉटनेटमधून सी शार्पमध्ये आणला. सूत्र साधं: रक्कम गुणिले दर, भागिले १००, गुणिले कंसात दिवस भागिले ३६५. ओळ जशीच्या तशी उतरवली, कंपाइलरनं हूं की चूं केलं नाही. दहा हजार रुपये, ९ टक्के, ९० दिवस. व्याज यायला हवं २२१ रुपये ९२ पैसे, आलं शून्य. व्हीबीत दोन पूर्णांक तिरप्या रेघेनं भागले की उत्तर दशांशात मिळतं. सी शार्पमध्ये पूर्णांकाला पूर्णांकानं भागलं की उत्तरही पूर्णांकच, त्यामुळे ९० भागिले ३६५ म्हणजे शून्य. शून्य निदान डोळ्यांत भरतं. ४०० दिवसांच्या ठेवीला ९८६ रुपये ३० पैशांऐवजी गोल ९०० आले आणि ते माझ्या नजरेतून सुटले. काउंटरवरच्या बाईंनी पकडले, कॅल्क्युलेटरवर. दुरुस्ती म्हणाल तर एका अक्षराची: ३६५ ला चिकटून एम लिहिलं, म्हणजे तो आकडा डेसिमल, म्हणजे दशांशी, झाला.

अ‍ॅरेचंही असंच. एका नावाखाली रांगेनं किमती ठेवायच्या या जागा; व्हीबीत पाच लिहिलं की शून्य ते पाच मिळून सहा जागा मिळतात, सी शार्पमध्ये मोजून पाच.

गंमत म्हणजे एफ शार्पनं माझी ती ओळ कंपाइलच होऊ दिली नसती. तिथं डेसिमल आणि पूर्णांकाचा गुणाकार परस्पर होत नाही, आधी रूपांतर करून द्यावं लागतं. डॉन साइम यांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये घडवलेली ही भाषा मला मनापासून आवडते, हिशेबाच्या कामाला तर फारच. तरी पहिली भाषा म्हणून मी ती सुचवत नाही. अडलात तर विचारायला आसपास माणूस मिळत नाही, आणि बहुतेक नमुने सी शार्पमध्येच लिहिलेले सापडतात. सहा महिन्यांनी जरूर शिका.

भाषा ठरली की आवृत्ती बघा, बरेच जण इथं घसरतात. 'डॉटनेट फ्रेमवर्क ४.८' आणि नुसतं 'डॉटनेट ८' ही एकाच ओळीतली मागची-पुढची नावं वाटतात, पण तशी नाहीत. पहिलं फक्त विंडोजवर चालतं आणि त्याची वाढ थांबलेली आहे. दुसरं लिनक्स आणि मॅकवरही चालतं. नवी आवृत्ती दर नोव्हेंबरला येते, सम आकड्याच्या आवृत्तीला तीन वर्षं सपोर्ट असतो, म्हणून शिकताना सम आकडा धरा. क्लास लावणार असाल तर पैसे भरण्याआधी आवृत्ती विचारा. "फोर पॉइंट एट" असं उत्तर आलं आणि तुम्हाला नवं वेबचं काम करायचं असेल, तर चहा पिऊन परत या.

लॅपटॉप जुना असेल तर अख्खं व्हिज्युअल स्टुडिओ, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं प्रोग्रॅम लिहायचं मोठं सॉफ्टवेअर, टाकायची घाई नको. कम्युनिटी आवृत्ती शिकणाऱ्याला फुकट आहे, पण डिस्कवर कित्येक जीबी जागा खाते. व्हीएस कोड हा हलका एडिटर आणि एसडीके यांवर सुरुवात होते.

तरीही मन डळमळत असेल तर दोन संध्याकाळी बाजूला काढा. वरचाच व्याजाचा हिशेब एकदा सी शार्पमध्ये लिहा, एकदा तुम्हाला ओढ असलेल्या दुसऱ्या भाषेत. आधी एकच ठेव, मग सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेल्या नोंदींच्या) फाइलमधून दहा ठेवी वाचून प्रत्येकीचं व्याज. एक ठेव ९० दिवसांची घ्या, एक ४०० दिवसांची, आणि उत्तरं कॅल्क्युलेटरवर ताडून बघा. अडल्यावर उत्तर किती वेळात सापडलं, तेवढं वहीत लिहून ठेवा.

भाचीचं सी शार्प पहिल्याच संध्याकाळी झालं. एफ शार्पमध्ये ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागांनाही अर्थ असतो, त्यात ती अजून अडकली आहे. काल रात्री साडेअकराला तिनं स्क्रीनशॉट पाठवला होता, चूक तिसऱ्या ओळीत आहे. मी अजून सांगितलेलं नाही.