हत्तीला रंग द्यायचा तर डबे किती?

संशोधनाची बातमी लिहिताना विनोद बाहेरून आणून चिकटवू नका, तो विषयातच शोधा. केरळ कृषी विद्यापीठाच्या दोन शास्त्रज्ञांनी भारतीय हत्तीच्या कातडीचं एकूण क्षेत्रफळ काढायचं सूत्र मांडलं: उंची आणि पुढच्या पावलाचा घेर मोजा, झालं काम. शोधनिबंधाचं शीर्षक रुक्ष, पण ‘हत्तीला रंग द्यायचा तर डबे किती?’ असं विचारलं की चहाच्या टपरीवरचा माणूसही कान टवकारतो. (या कामाला 2002 मध्ये इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचा पुरस्कार.)

चटपटीत ओळ सुचली की ती घरातल्या कुणाला तरी ऐकवा आणि तासाभराने विचारा, ‘संशोधन कशावर होतं?’ नुसता विनोदच आठवत असेल तर ओळ खोडा.

आणि नाव देताना जपून. हिग्ज बोसॉन या अतिसूक्ष्म मूलकणाला ‘देवकण’ म्हटल्याने प्रसिद्धी भरपूर मिळाली, पण अनेक भौतिकशास्त्रज्ञांना ते नाव अजून खुपतं, कारण त्या कणाचा देवाशी काडीचाही संबंध नाही. हशा शास्त्रज्ञावर किंवा प्रश्नावर चालेल. रुग्णांवर, गावकऱ्यांवर मात्र नको.