टॉय हॉलर मागे डोलत होता, तो कसा सरळ केला

कॅलिफोर्नियात सॅन डिएगोहून ग्लॅमिसच्या वाळूच्या टेकड्यांत जायचं म्हणजे आय-८ हायवेवरचा तो लांब उतार लागतोच आणि तिथेच माझा टॉय हॉलर, म्हणजे मागे गाड्या ठेवायला गॅरेज असलेला राहायचा ट्रेलर, असा डोलायला लागला की बायकोने दाराचं हँडल घट्ट धरलं. ट्रकचा ब्रेक दाबलाच नाही, फक्त ब्रेक कंट्रोलरचा लिव्हर हाताने दाबून नुसते ट्रेलरचे ब्रेक लावले, हळूहळू सावरला. हे खरंच लक्षात ठेवा!

पुढे वजन करून बघितलं तर एकूण ७००० पाउंड आणि हिचवर (ट्रेलर ट्रकला जोडतात तिथे) फक्त ५६०, म्हणजे ८ टक्के, हवं १० ते १५. टॉय हॉलरचं गॅरेज मागे असतं ना, दोन्ही एटीव्ही (वाळूत चालवायच्या चारचाकी बाइक) पार रॅम्पच्या दाराला टेकवलेल्या, त्यामुळे पुढचं टोक हलकं झालेलं. मग एटीव्ही पुढे सरकवून पट्टे आवळले, माझी पाण्याची टाकी अ‍ॅक्सलच्या पुढे आहे तर तीही ४० गॅलन भरली. आता हिचवर ९०० च्या आसपास येतं आणि ट्रेलर सरळ चालतो, तरी ताशी ५५ मैलांच्या वर मी नेत नाही, कॅलिफोर्नियात ट्रेलरला लिमिटच तेवढी आहे. परत आल्यावर बेअरिंग उघडून ग्रीस बदलतो, वाळू आत गेली की वाट लागते.